आखनमधलं दुसरं गेट

गणपतीला जर्मनीहून घरी आलेय, बेळगावात अनगोळला, तीन आठवडे. आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येकानं, म्हणजे अक्षरशः प्रत्येकानं, एकच विचारलंय, "मग काय करालीस गं तिकडं दिवसभर?" पहिल्या दिवशी मी नीट उत्तरं देत होते, सेमिस्टर काय, लॅब काय, तिसऱ्या दिवसापासून नुसतं "अभ्यास की". मागच्या गल्लीतल्या मावशींचं तेवढ्यानं भागलं नाही. त्यांना "डबा कोण देतंय?" हे पाहिजे होतं, शिक्षण वगैरे नंतर. बरोबरच आहे त्यांचं. तर हे मावशींसाठी आणि बाकीच्यांसाठीपण. बाहेर पाऊस धरलाय, लाईट दोनदा जाऊन आली, वायफाय गेलं ते आलंच नाही, म्हणून फोनवर टाइप करतेय, चुका असतील तर चालवून घ्या.

गावाचं नाव आखन. इंग्लिश स्पेलिंग बघून सगळे आचेन म्हणतात, बाबा तर अजून आचनच म्हणतात, खरं ते आखन, खानापूरचा ख. (आमच्याकडं "पण"ला "खरं" म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये, पुढं लय वेळा येणार आहे.) जर्मनीच्या एकदम पश्चिम टोकाला, हॉलंड आणि बेल्जियम दोन्हींना चिकटून. युनिव्हर्सिटी १८७० सालची, आरडब्ल्यूटीएच, चाळीस हजारांच्या वर पोरं, गाव केवढं तर आपल्या बेळगावच्या निम्मं, त्यामुळं रस्त्यावर दिसेल तो माणूस एकतर स्टुडंट नाहीतर स्टुडंटांना वैतागलेला. मी तिथं मेटलर्जी करते, त्यातपण ओतकाम. "एवढं लांब जाऊन फाउंड्रीच?" असं मामा म्हणाले होते. बाबांचं उद्यमबागेत ओतकामाचं छोटं युनिट आहे, लहानपणी शाळा सुटल्यावर मी तिथंच, पॅटर्नच्या, म्हणजे साच्यांच्या ढिगावर बसून गृहपाठ. भारतातल्या मोठ्या फाउंड्र्यांत मॅग्मासॉफ्ट म्हणून सॉफ्टवेअर वापरतात, मोल्डमध्ये धातू कसा भरेल, कुठं आकसेल ते आधीच कॉम्प्युटरवर दाखवतं, ती कंपनी ह्या आखनमधलीच. हे मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी कळलं आणि डोक्यात बसलं ते बसलंच.

जाण्याआधीचं सगळं, एपीएस सर्टिफिकेट (आपली कागदपत्रं खरी आहेत हे सांगणारं), बँकेत अडकवून ठेवायचे पैसे, व्हिसासाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळूरच्या चकरा, हे सगळीकडं लिहिलेलं सापडतं, मी परत लिहीत बसत नाही. फक्त एक. कुंदा, आमची बेळगावची दुधाची मिठाई, नेता येत नाही. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मला हे निघायच्या आदल्या रात्री कळलं आणि घरात दोन किलो कुंदा पॅक होऊन तयार. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. सांबऱ्याला एअरपोर्टच्या बाहेर गाडीच्या बॉनेटवर डबा उघडून सगळ्यांनी चमच्यानं कुंदा खाल्ला, ड्रायव्हरकाकांसकट, आणि बॅगेत गोकाकचं करदंट गेलं, गूळ, डिंक आणि सुका मेवा, त्याला कोण काय म्हणत नाही.

आता दिवसाचं. सकाळी लेक्चर साडेआठला असतं. खरं साडेआठला नसतं, पावणेनऊला असतं. तिथं अकॅडेमिक क्वार्टर म्हणून भानगड आहे, वेळापत्रकात वेळेपुढं लॅटिनमधली दोन अक्षरं असली की समजायचं पंधरा मिनिटं उशिरा सुरू होणार. ऑफिशियल. जुन्या काळापासून चालत आलंय. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी मी सव्वाआठलाच जाऊन बसले, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी एकटी, वाटलं दिवस चुकला. मग कळल्यावर पहिली गोष्ट डोक्यात आली ती म्हणजे दुसरं गेट. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट ज्यांना माहीत आहे त्यांना पुढं सांगायची गरज नाही. बेळगावात कॉलेजला, ऑफिसला, लग्नाला, कुठंही उशिरा पोचा, "गेट पडलं होतं" म्हटलं की समोरचा गप्प बसतो, कारण त्याचंपण कालच पडलेलं असतं. मालगाडी असली की पंधरा मिनिटं धरूनच चालायचं. जर्मन लोकांनी तेच केलंय, गेट नसताना गेट पाडलंय. तेव्हापासून मी घरी फोनवर "आता गेट उघडेल, ठेवते" म्हणते आणि आईला बरोबर कळतं.

लेक्चर दीड तास. संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, बाक वाजवतात, मूठ करून टकटक टकटक, पाचशे पोरं एकदम. पहिल्यांदा मी दचकलेच, आमच्या वर्गात बाक वाजला तर त्याचा अर्थ वेगळा व्हायचा आणि मागच्या तीन रांगा बाहेर जायच्या. हजेरी घेत नाहीत. व्हीटीयूत, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या युनिव्हर्सिटीत, ८५ टक्के अटेंडन्ससाठी मी ताप असताना गेलेय, हितं कुणी विचारतच नाही. आठवडाभर नाही गेलं तरी कुणाचा फोन नाही, मेसेज नाही, काही नाही. सुरुवातीला मज्जा वाटली, नंतर भीती वाटली. कारण इंटर्नल्स नाहीत, बहुतेक विषयांना शेवटी एकच परीक्षा, शंभर टक्के तिच्यावर, आणि तीनच चान्स. तिसऱ्यांदा गेला की तो कोर्स संपला, नाव कमी. आपल्याकडं बॅकलॉग म्हणजे घरातला पाहुणा, असतो, राहतो, कधीतरी जातो. तिथं तसं नाही. माझी एक परीक्षा ह्याच सप्टेंबरमध्ये परत गेल्या गेल्या आहे, पुस्तक आणलंय, पुस्तक गणपतीच्या मागं ठेवलंय, विद्या तिकडूनच येईल अशी आशा.

मार्क उलटे. १.० सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. मला पहिल्या सेमिस्टरला एका पेपरात १.७ पडले. बाबांना फोन केला, बाबा गप्प. मग म्हणाले, "बरं. असू दे. पुढच्या वेळी बघू." मी म्हटलं बाबा हे चांगले आहेत, जेवढे कमी तेवढे चांगले. परत गप्प. मग एकदम, "म्हणजे रिजेक्शनसारखं?" हो. रिजेक्शनसारखं. शंभर कास्टिंगमागं १.७ रिजेक्शन म्हणजे उद्यमबागेत पेढे वाटतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटले म्हणे.

मावशी, डबा कुणी देत नाही. दुपारी मेन्झा, म्हणजे कॉलेजची खानावळ. बारा वाजले की लाईन दरवाजाच्या बाहेर, ट्रे घ्यायचा, कार्ड टेकवायचं, दोन-तीन युरोत पोट भरतं. काय असतं? बटाटा. उकडलेला, चेचलेला, तळलेला, आणि एकदा बटाट्यावर बटाट्याचं सार. शाकाहारी रोज असतं ते एक बरं आहे. जर्मन पोरं दहा मिनिटांत गिळून ट्रे पट्ट्यावर ठेवून जातात, आमचा इंडियन टेबल पाऊण तास, चटणीची बाटली फिरते. रात्री हॉस्टेलच्या किचनमध्ये आपलं आपण. सात जणांत एक किचन, भिंतीवर कुणी कधी पुसायचं त्याचा तक्ता. कचऱ्याचे चार डबे, चहाची पावडर कशात टाकायची यावर माझं आणि एका ब्राझीलच्या पोराचं पहिल्या आठवड्यात भांडण झालं, मग दोस्ती झाली.

पैशाचं थोडक्यात. सरकारी युनिव्हर्सिटी, फी अशी नाही, दर सहा महिन्याला तीनशे युरोच्या पुढं भरायचे, त्यात देशभरच्या लोकल ट्रेन आणि बसचा पास पण येतो, हे फार भारी आहे. खोलीभाडं मला ३१०, इन्शुरन्स दीडशेच्या आसपास. बँकेत अडकवलेल्या पैशातून महिन्याला ९९२ युरो मिळतात, वर्षाचे ११,९०४ आधीच भरलेले असतात, ते आपलेच असतात, खरं बँक पॉकेटमनी दिल्यासारखं देते. त्यात बसतं. कुंद्यासारखी चैन केली तर नाही बसत, म्हणून लॅबमध्ये काम.

आणि लॅबबद्दल मला खरंच सांगायचंय (हा खरं म्हणजे खरंच).

तिथं स्टुडंट असिस्टंटला हीवी म्हणतात. २०२५ मध्ये कायद्यानं तासाला कमीत कमी १२.८२ युरो द्यावेच लागायचे. मी वाळूवर आहे. मोल्डची वाळू, ग्रीन सँड, नावाला ग्रीन, रंगानं काळी, कारण तिच्यात कोळशाची पूड असते, बेंटोनाइटची माती असते आणि पाणी. पाणी किती हाच सगळा खेळ. तीन-चार टक्क्यांच्या आसपास पाहिजे. जास्त झालं की गरम धातू ओतल्यावर वाफ होते, वाफेला जायला जागा नसली की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ भोक. कमी झालं की मोल्डची कड ढासळते आणि वाळू धातूत पडते. तर माझं काम सॅम्पल घ्यायचं, वाळवून वजन करायचं, मग एका नळीत भरून वरनं वजन तीनदा सोडायचं, पन्नास मिलीमीटरचा बुटका सिलिंडर तयार होतो, तो मशीनमध्ये दाबून किती ताकदीला फुटतो ते लिहायचं. दिवसभर. कंटाळवाणं आहे आणि मला ते लय आवडतं.

पहिल्या दिवशी काय झालं, मशीनला सॅम्पल लावायच्या आधी मी सवयीनं मूठभर वाळू उचलली, घट्ट आवळली, मूठ उघडली आणि वड्याच्या दोन तुकडे केले. बाबा असंच बघतात. बोटांचे ठसे नीट उमटले पाहिजेत, मोडल्यावर कड धारदार पाहिजे, हाताला ओल लागता कामा नये. त्यांच्याकडं मॉइश्चर मीटर आहे, कपाटात आहे, कव्हरमध्ये आहे. मी हे केलं आणि मागं बघितलं तर लॅबचा म्हातारा टेक्निशियन बघत उभा. मला वाटलं आता बोलणार, ग्लोव्ह्ज कुठायत, प्रोसिजर काय. तो काहीच बोलला नाही, पुढं आला, त्यानंपण मूठ आवळली, मोडली, नाकाजवळ नेली आणि जर्मनमध्ये म्हणाला, "तीन पॉइंट चार." मी म्हटलं तीन पॉइंट सहा. मशीननं साडेतीन दाखवलं. तेव्हापासून रोज सकाळी हे चालतं, हरेल त्यानं कॉफी पाजायची, माझ्या पहिल्या महिन्याच्या पगारातला बराच भाग त्याच्या कॉफीत गेलाय. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्याचं वय किती?" मी म्हटलं साठीच्या पुढं. "मग बरोबर."

बोलण्याचं. हॉस्टेलमध्ये माझ्या मजल्यावर एक पुण्याची आहे, चांगली आहे, खरं पहिल्या आठवड्यात तिला माझं मराठी झेपेना. मी सहज म्हणायची "मी जातो, झोपतो आता" आणि ती हसून लोळायची. आमच्याकडं पोरीपण "येतो, जातो, जेवलो" म्हणतात, आई म्हणते, आज्जी म्हणायची, शाळेत लिहिताना मात्र "गेले, जेवले" नाहीतर मार्क जायचे, म्हणून मी बोलते एक आणि लिहिते एक. तिला म्हटलं "येतो खरं उशीर होईल", तर ती "खरं? खरंच येतेस ना?" करत बसली. मग एक दिवस जर्मन क्लासमध्ये बाईंनी सांगितलं की जर्मनमध्ये मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ते मुलगी. पुण्याची हादरली, हे काय लॉजिक. मला काही वाटलं नाही, आमच्या आज्जीनं जन्मभर माझ्याबद्दल "ते आलं काय, ते जेवलं काय" असंच विचारलंय. माझं जर्मन व्याकरण घरचं आहे.

दुसरीकडं एक मैसूरचा आहे. त्याच्याशी मी कन्नडमध्ये बोलते, तर तो माझ्या "हौद्री"ला (म्हणजे "होय जी") हसतो, म्हणतो पिक्चरमधल्या गावाकडच्या मुख्याध्यापकासारखं वाटतं. मार्चमध्ये पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, मला दोन्हीकडं आमंत्रण. मराठी ग्रुपमध्ये एक ताई कौतुकानं म्हणाल्या, "कर्नाटकातली असून किती छान मराठी बोलतेस!" संध्याकाळी कन्नड ग्रुपमध्ये एका काकांनी विचारलं, "बेळगावी? निमगे कन्नड बरत्ता?" म्हणजे तुम्हाला कन्नड येतं का? मी दोन्ही ठिकाणी हसले आणि दोन्ही ठिकाणी जेवले. श्रीखंडपण आणि होळिगी, म्हणजे पुरणपोळीपण. भांडून काय मिळणार होतं, ताट तर दोन मिळाले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. मागच्या वर्षीचा १ नोव्हेंबर. जाऊन नुकता महिना झाला होता. सकाळी खिडकी उघडली तर रस्त्यावर कुणी नाही. दुकानं बंद. बेकरीपण बंद. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला, आज बाहेर जायचं नाही. विचार पण नाही, पोटातच आलं ते. सीमाभागात वाढलेल्यांना सांगायला नको, १ नोव्हेंबर म्हणजे एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, डॉल्बी, आणि दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा काळा दिन, काळे कपडे घालून सायकल फेरी. १९५६ साली ह्याच तारखेला राज्यं नवीन झाली आणि तोपर्यंत मुंबई राज्यात असलेलं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. २००४ पासून महाराष्ट्राची केस सुप्रीम कोर्टात आहे. आजोबा फेरीला जायचे. आमची आई त्या दिवशी मला निळा ड्रेस घालायची, काळा नको, लाल नको, पिवळा नको. लहान असताना मला वाटायचं १ नोव्हेंबरला सगळे निळंच घालतात. तर मी आखनमध्ये आठव्या मजल्यावर उभी, खाली शुकशुकाट, आणि मी कपाटातून निळा स्वेटर काढला. काढल्यावर स्वतःचंच हसू आलं.

किचनमध्ये गेले तर कळलं सणाची सुट्टी आहे. ऑलरहायलिगेन, सगळ्या संतांचा दिवस, लोक स्मशानात जाऊन दिवे लावतात. आणि फ्रीजमध्ये अर्धा कांदा. माझ्याबरोबर लॅबमध्ये एक मुलगी आहे, तिला मेसेज केला, ती म्हणाली चल वाल्सला, तिकडं दुकानं चालू आहेत. वाल्स म्हणजे हॉलंड. बसनं जायचं. हॉलंडमध्ये त्या दिवशी सुट्टी नसते, त्यामुळं निम्मं आखन पिशव्या घेऊन वाल्सला. रविवारीपण तेच, जर्मनीत रविवारी सगळं बंद, वाल्समध्ये उघडं. आपल्याकडं सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या शिनोळीला जातात तसंच, फक्त कारण वेगळं.

मी बसमध्ये खिडकीला नाक लावून. सीमा बघायची होती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळी नाका माझ्या डोक्यात, कोरोनात तिथं रिपोर्ट दाखवून सोडायचे, आणि जरा काही पेटलं की दोन्हीकडच्या एसट्या तिथंच थांबतात. तर हितं काय, एक निळा बोर्ड, चांदण्यांचं गोल, आणि मोबाईलवर मेसेज, नेदरलँड्समध्ये स्वागत. झालं. दोन वर्षांपूर्वी तेवढंपण लक्षात आलं नसतं, मैत्रीण म्हणाली, सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं परत तपासणी सुरू केलीय, परत येताना कधीकधी पोलीस बसमध्ये चढतात, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायचा. एकदा चढले. सगळी बस सोडून माझाच बघितला, ते मी आईला सांगितलेलं नाही. आता कळेल.

दुकानात बिल करताना बाई आणि एक आजोबा गप्पा मारत होते, मला वाटलं डच, मैत्रीण म्हणाली नाही, ही इथली बोली, दोन्ही बाजूला हीच, आखनची म्हातारी माणसंपण असंच बोलतात. मला चंदगडची आत्या आठवली, ती महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात, आणि बोलणं असं की तिसऱ्याला कळू नये. सीमा एकाच वस्तूला समजते, ती म्हणजे रिकामी बाटली. वाल्समध्ये घेतलेली बाटली जर्मनीतल्या मशीनमध्ये टाकली की मशीन थुंकून टाकतं, पंचवीस सेंट मिळत नाहीत.

तिथून चालत टेकडीवर गेलो, तीन देशांचा दगड आहे तिथं, ३२२ मीटर, आणि युरोपातल्या हॉलंडचं ते सगळ्यात उंच ठिकाण. राजहंसगड चढणाऱ्यांनी हसू नये, मी हसून घेतलंय. दगडाजवळ पोरं एक पाय इकडं एक पाय तिकडं करून फोटो काढत होती. मैत्रीण म्हणाली पूर्वी इथं चार देश भेटायचे. चौथा म्हणजे एक साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा, न्यूट्रल मोरेसनेट. नेपोलियननंतर सीमा आखताना तिथली जस्ताची खाण कुणाची यावर डच आणि प्रशियाचं जमेना, मग १८१६ मध्ये ठरवलं, कुणाचीच नाही. आणि ते "तात्पुरतं" १९२० पर्यंत चाललं. जस्त म्हटल्यावर मी खाली बघायला लागले, जणू काय अजून पडलंय. आणि मग मला आजोबांची आठवण आली, त्यांना हे सांगायला पाहिजे होतं. शंभर वर्षं! ते म्हणाले असते, "बघ, आपली केस अजून लहान आहे."

ही लॅबमधली मैत्रीण बेल्जियमची. ऑयपनची, आखनपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. घरात जर्मन बोलतात. मी विचारलं मग जर्मनीतच का नाही तुमचं गाव, आणि विचारताना मला जाणवलं की हा तोच प्रश्न आहे जो मला पुण्याच्या प्रत्येक माणसानं विचारलाय. तिनं शांतपणे सांगितलं, तिला सवय असावी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात ते बेल्जियमला गेलं, १९४० मध्ये हिटलरनं परत घेतलं, युद्ध संपल्यावर परत बेल्जियम. तिच्या पणजीनं घर बदललं नाही, देश तीनदा बदलला. पणजीचा मोठा भाऊ एका सैन्यात आणि धाकटा दुसऱ्या, असं म्हणून ती जरा थांबली. आम्ही दगडाशेजारच्या बाकावर बसलो होतो, मी बॅगेतून करदंट काढलं.

मग म्हणाली आता बरं आहे. ऐंशी हजारसुद्धा लोक नाहीत, खरं स्वतःची पार्लमेंट आहे, शाळा जर्मन, सरकारी कागद जर्मन, बेल्जियमच्या तीन अधिकृत भाषांपैकी एक त्यांची. मी म्हटलं आमच्याकडं रेशनकार्ड कन्नडमध्ये येतं, आजोबा ते माझ्याकडून वाचून घ्यायचे, मी शाळेत तिसरी भाषा म्हणून कन्नड शिकले ना. ती म्हणाली मग तुमच्याकडे किती लोक आहेत, हजारभर? मी म्हटलं ८६५ गावं, महाराष्ट्र मागतोय ती. ती म्हणाली लोक विचारतेय. मी म्हटलं तेच, ८६५ गावं, शिवाय शहर. तिनं करदंट चावता चावता मान वर केली. एकदम काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि तू कोणती?" मी म्हटलं म्हणजे? "म्हणजे स्वतःला काय म्हणतेस?"

मी म्हटलं बेळगावची. ती म्हणाली हां, मी ऑयपनची.

आणि मग आम्ही उठलो कारण बस चुकली असती. ह्या विषयावर त्यानंतर आम्ही फारसं बोललो नाही, ती मला सँडचे रिपोर्ट उशिरा देते म्हणून बोलते आणि मी तिला.

एक सांगायचं राहिलं. आखनच्या मोठ्या चर्चमध्ये शार्लमेन राजाची हाडं आहेत, आपल्याकडं छत्रपतींचं नाव निघतं तसं तिथं त्याचं, सगळीकडं तोच. तो ८१४ साली वारला. गाइडनं "आख्त हुंडर्ट फिर्त्सेन" म्हटलं आणि मला एकदम हसू फुटलं, पुण्याचीनं कोपर मारलं. आता तिला काय सांगू. महाराष्ट्राची मागणी पूर्वी ८१४ गावांची होती, ८६५ आकडा नंतरचा. आमच्या घरात ८१४ म्हटलं की आजोबा पेपर खाली ठेवायचे.

परवा निघायचंय. बॅग तेवीस किलो. आईनं मेतकूट, शेंगाचटणी, बेळगाव बासमती तीन किलो (तिथं तांदूळ मिळतो हे तिला पटत नाही, मिळतो खरं तो वास नसतो हे मलाही पटतंय), करदंट दोन डबे. सगळं भरून वजनकाट्यावर बावीस किलो आठशे. रात्री बघते तर चोवीस. उघडली, तर तांदळाच्या खाली झिपलॉकची पिशवी, आत काळीभोर पूड, वर बाबांच्या अक्षरात मार्करनं तारीख आणि "हीट नं. २" (हीट म्हणजे वितळलेल्या धातूचा एक घाणा). आमच्या युनिटची वाळू. मी म्हटलं बाबा, एअरपोर्टवर बॅग उघडून हे काय म्हणून विचारलं तर मी काय सांगू, काळी पूड आहे, बाबांनी दिलीय? ते म्हणाले, "वाळू म्हणून सांग की." मी म्हटलं कशाला पण? "त्या म्हाताऱ्याला दे. मशीनला लावायच्या आधी मूठ आवळून बघ म्हणावं. मी तीन पॉइंट तीन म्हणतो."

आईनं पिशवी काढून देवघराखाली ठेवलीय. मघाशी बघितलं तर तिथं नाहीय. बॅग मी अजून परत काट्यावर ठेवलेली नाही. आणि पिशवीत पोचेपर्यंत ती वाळणार हे मी बाबांना सांगितलेलं नाही, त्यांना माहीत असणारच.